जागे झालेले आप्पा

आमच्या कळसमध्ये मोटर जळलेली, कर्ज थकलेली आणि पंचायतीला पडलेली माणसं भरपूर आहेत. साक्षात्कार झालेला माणूस तेवढा नव्हता. ती उणीव आप्पांनी भरून काढली. खरं तर असा एकेक आप्पा आता बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गावोगाव सापडतो. पन्नाशी उलटलेली, पोरगं पुण्याला कंपनीत, ऊस कारखान्याला जातोय आणि डॉक्टरांनी बीपीच्या गोळीबरोबर ‘टेन्शन घेऊ नका’ असंही बजावलेलं. टेन्शन घ्यायचं नाही म्हटल्यावर शेतकऱ्यानं दिवसभर करायचं काय? मग कुणी मोबाइलवर प्रवचनं लावतो, कुणी पहाटे ओट्यावर बसून श्वास मोजतो. आप्पा थेट इगतपुरीला गेले.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. सत्यनारायण गोयंका गुरुजींनी ब्रह्मदेशातून ही साधना इकडं आणली. दहा दिवसांचा कोर्स, फोन जमा, पहाटे चारला घंटा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. पहाटे चारचं आप्पांना काही वाटलं नाही. थ्री-फेज रात्रीची असली की त्या वेळी ते उसात दारंच धरत असतात. पण गप्प बसणं! पारावर अख्ख्या चहाला एकच वाक्य पुरवणारा हा माणूस तिथं टिकला कसा, याचं गावाला अजून नवल आहे. आप्पांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकूंनी तेवढ्या दिवसांत घराला रंग काढून घेतला. विचारायला कुणी नव्हतं, त्यामुळं रंगही त्यांच्याच पसंतीचा लागला.

आप्पा परतले ते सावकाश पावलं टाकत, आणि तुंबलेलं सगळं बोलणं बरोबर घेऊन. पूर्वी त्यांना राग आला की ते एक शिवी देत आणि विषय तिथंच मिटे. आता ते आधी डोळे मिटतात. “राग आलाय. मी त्याच्याकडं बघतोय,” असं सांगतात. ज्याच्यावर राग आलाय त्यानं तोवर उभं राहायचं. मग डोळे उघडतात आणि शिवी येते ती तीच. ऊसतोडीचा मुकादम एकदा एवढा वेळ उभा राहून कंटाळला आणि म्हणाला, “आप्पा, आधी देऊन टाका, मग बघत बसा. टोळी खोळंबलीय.”

डेअरीवरही तेच. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागली तर ठरलेला दर, खाली गेली की पैसे कापतात. आप्पांच्या दुधाला ३.२ लागली. पूर्वी त्यांनी मशीनवर, मशीनवाल्यावर आणि त्याच्या बापावर संशय घेतला असता. यावेळी ते शांतपणे म्हणाले, “फॅट अनित्य आहे.” मापाडी पोरगं कॉलेजात शिकलेलं. “व्हय आप्पा, दरबी तसाच,” म्हणत त्यानं पावती फाडली. त्या क्षणी आप्पांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघायला साधनेची गरज नव्हती.

पण माणूस कुठवर जागा झालाय हे आमच्याकडं पाण्याच्या पाळीला कळतं. खडकवासल्याचं पाणी पुणेकरांच्या आंघोळी उरकून, हवेली आणि दौंड ओलांडून इंदापूर तालुक्यात येतं. इथवर पोचेपर्यंत त्या पाण्यालाच वैराग्य आलेलं असतं. ‘जे आहे ते स्वीकारा’ हे आप्पांचं आवडतं वाक्य. आवर्तन चालू असताना वरच्या कुणीतरी रात्री चारीचं दार खाली केलं, तेव्हा हे स्वीकारणारे आप्पा दोन वाजता बॅटरी आणि फावडं घेऊन निघाले. वाटेत कुणीतरी विचारलं, “काय आप्पा, कुठं निघाला?” आप्पा थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, “मी निघालो न्हाई. निघणं घडतंय.” दाराचं उघडणंही मग आपोआपच घडलं.

हल्ली त्यांना निसर्गदत्त महाराजांचा मोठा आधार आहे. मारुती कांबळी हे महाराजांचं प्रपंचातलं नाव. मुंबईत विड्यांचा धंदा. गुरू सिद्धरामेश्वर महाराज १९३६ साली गेले, त्यानंतर हे घरदार सोडून हिंडायला निघाले, पण परत आले आणि पुन्हा दुकान, पुन्हा संसार. पुढं त्यांच्या खेतवाडीतल्या माळ्यावर साता समुद्रापलीकडची माणसं येऊन बसायची. १९८१ साली महाराज गेले ते त्याच घरात. ज्ञान झालेला माणूस विडीचं बंडल देऊन सुटे पैसे मोजतो, ही गोष्ट मला मनापासून आवडते. त्यापुढं गुहा आणि जटा फिक्या. आप्पांना मात्र त्यातली विडी आवडली. डॉक्टरांनी सोडवलेली विडी त्यांनी महाराजांच्या नावावर परत चालू केली. “त्यांनी विकली, तुम्ही वढताय,” काकू म्हणाल्या. “ते वढायचेपण,” आप्पा म्हणाले. इथं आप्पांचं वाचन पक्कं आहे.

तुकोबांच्या बाबतीतही त्यांची निवड अशीच. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे आणि जिजाई त्यांची भाकरी घेऊन डोंगर चढायची, हे आपल्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. आप्पांनी यातला डोंगर उचलला. भाकरी आणि चढण काकूंकडं राहिली. आप्पांनी मागच्या माळावर लिंबाखाली बैठक मांडलीय. काकू जेवण घेऊन जातात, पण चढ संपायच्या आधीच खालून हाक मारतात, “उतरा. एवढं जागं झालाय तर पाय चालत असतील.”

आषाढीच्या वारीला तुकोबांची पालखी बारामतीवरून काटेवाडी, सणसर करत बेलवाडीला येते. पालखी सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण बेलवाडीचं. आसपासच्या गावांची माणसं ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून तिथं जातात. आप्पांनी आधी जाहीर केलं होतं की आपली वारी आता आतल्या आत चालू आहे. तरीपण ट्रॉलीत पुढची जागा त्यांनीच धरली. रिंगणाच्या कडेला ते डोळे अर्धे मिटून उभे राहिले. तेवढ्यात तुळशीवाली एक म्हातारी वारकरीण वाकली आणि तिनं आप्पांच्या पायाला हात लावला. आप्पा हलले. इगतपुरीत जे झालं नव्हतं ते इथं झालं. “ओळखलं,” ते माझ्याकडं वळून पुटपुटले, “अशा माणसांना कळतं.” म्हातारी तोवर पुढं सरकून चहावाल्याच्या पाया पडली होती. मग बंदोबस्तातल्या हवालदाराच्या, मग ट्रॉलीच्या ड्रायव्हरच्या, मग फुगे विकणाऱ्या पोराच्या. पोरगंही पटकन वाकून तिच्या पाया पडलं. वारीत हे असंच चालतं, जो दिसेल तो माउली. आप्पा बराच वेळ फुगेवाल्याकडं बघत होते. वाकायचं त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

या सगळ्याचा सरळ फायदा झाला तो त्यांच्या चुलतभावाला. दोघांचा बांधाचा वाद जुना, त्यासाठी इंदापूरच्या कोर्टात चपला झिजलेल्या. जागे झाल्यावर आप्पा भर पारावर बोलून गेले, “जमीन कुणाची नसते. आपण इथं पाहुणे.” दुसऱ्या दिवशी चुलतभावानं नांगराचा एक तास बांधात घातला. आप्पा बघत राहिले. महिन्याभरानं आणखी एक तास. आप्पा अजून बघतच होते. चुलतभावाची अध्यात्मावर इतकी श्रद्धा बसली की पुढच्या खेपेला तो स्वतःहून म्हणाला, “दादा, दहा दिवस परत जाऊन या इगतपुरीला. जाण्यायेण्याचं मी बघतो. तेवढ्यात माझी नांगरटपण उरकंल.”

काकू आतून ऐकत होत्या. “यंदा मी जाते,” त्या म्हणाल्या.

आणि गेल्यासुद्धा. पोरानं पुण्यातून फॉर्म भरला. जायच्या आदल्या दिवशी काकूंनी तलाठ्याला बोलावून बांधाची खूण दाखवली, चार दगड पुरले आणि दोन गड्यांना तिथं तूर टोकायला लावलं. चुलतभावानं काही म्हणायच्या आत त्या एसटीत बसल्या होत्या.

परत आल्या त्या दिवशी आप्पा दारातच उभे. शिबिरातला जुना साधक म्हणून त्यांचा अधिकार मोठा. ध्यान लागलं का, अंगात काही जाणवलं का, मन शांत झालं का?

“बरं होतं,” काकू म्हणाल्या. “न्याहारी आयती, दुपारचं जेवान आयतं. भांडीपण आपलं आपण एवढंच.”

“आणि अनुभव? काहीतरी आला असंल की.”

“आला तर. इथं वाटायचं, तुम्ही बोलताय म्हणून डोकं उठतंय. तिथं कुणीच बोलत नव्हतं, तरी तिसऱ्या दिवसापर्यंत तुमचाच आवाज येत हुता. चौथ्या दिवशी थांबला.”

आप्पांना हे गंभीरपणे घ्यावं की कसं ते कळेना. डोळे मिटावेत असं त्यांना वाटलं असावं, पण तोवर काकूंनी पिशवी खाली ठेवून हात पुढं केला होता.

“डेअरीचं पुस्तक आणा आधी. दहा दिवस फॅट किती लागली?”