दुभंगलेलं शहर कसं चालवावं : होतकरू नगररचनाकारांसाठी

सरावासाठी बोस्नियातलं, क्रोएट आणि बोस्नियाक (मुस्लिम) अशा दोन समाजांत वाटलं गेलेलं मोस्तार घ्यावं.

आधी पूल बांधा. क्रोएट फौजेनं ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांनी पाडलेला १५६६चा उस्मानी पूल जुलै २००४मध्ये पुन्हा उभा राहिला. उद्घाटनाला ‘दोन समाजांना जोडणारा’ असं भाषण ठोकावं. युद्धातली आघाडी नदीवर नव्हतीच, ती पश्चिमेच्या बुलेवार रस्त्यावर होती, आणि पुलाची दोन्ही टोकं बोस्नियाकांच्याच ताब्यात होती, हे पाहुण्यांना सांगत बसू नये. फोटो झकास येतात.

मग हद्दी आखा. इथे जपून. युरोपीय संघाचे प्रशासक हान्स कोश्निक यांनी १९९६मध्ये मधला सामायिक भाग ऐसपैस आखला, तर जमावानं त्यांची गाडीच घेरली. थोड्याच दिवसांत रोमच्या बैठकीत तो भाग आक्रसला आणि पुढे कोश्निक घरी गेले. म्हणून सामायिक म्हणाल ते चिमूटभर ठेवा. उरलेल्याच्या सहा नगरपालिका करा, तीन यांच्या, तीन त्यांच्या.

सेवा दोन-दोन असाव्यात : कचरा उचलणारे दोन, बसस्थानकं दोन, विद्यापीठं दोन, अग्निशमन दलंही दोन. आग कोणाच्या बाजूला लागली, हे आधी विचारून घ्यावं. खर्चाची काळजी नको. दोन कार्यालयं म्हणजे दोन साहेब आणि दुप्पट नेमणुका. दोन्ही पक्षांचं एकमत होतं ते नेमकं इथेच. (बुलेवारवरच्या जुन्या शाळेत एकाच छपराखाली दोन अभ्यासक्रम चालतात. छप्पर दुभंगायचं वाचलं, हेही नसे थोडके.)

बाहेरचा कुणी एकीकरणाचा हट्ट धरेल. धरू द्या. २००४मध्ये बोस्नियातले आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी पॅडी अ‍ॅशडाउन यांनी सहाही नगरपालिका मोडून एक शहर केलं, अर्थात कागदावर. २०१०मध्ये घटना न्यायालयानं निवडणुकीचे काही नियम रद्द ठरवले. ते दुरुस्त करणं पक्षांच्या हातात होतं, म्हणजे काम फत्ते. २००८नंतर शहराच्या निवडणुकीचं मतदानच नाही. नगरसेवकांची मुदत संपली, महापौर मात्र खुर्चीत.

एक धोका उरतो : नागरिक. इर्मा बारालिया या शिक्षिका स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि २०१९मध्ये जिंकल्या. मग डिसेंबर २०२०मध्ये मतदान घ्यावंच लागलं. पण तोवर बारा वर्षं निघाली होती, आणि दोन्ही बसस्थानकं जागच्या जागी होती.