टाइल्स कुठे लिहिल्यात?

"भिंतीला टाइल्स लावा, नाहीतर लायसन्स जाईल." तपासणीला आलेले साहेब एवढं बोलून गेले आणि ओळखीतल्या एका मसालेवाल्या ताईंनी बांगड्या गहाण टाकायची तयारी केली. मी म्हटलं, कागद दाखवा. नोटीस डब्याखाली घडी घालून ठेवलेली, दोन पानी, इंग्रजीत. पानांवर हळदीची बोटं उमटलेली. तीत टाइल्सचं नावसुद्धा नव्हतं. पोपडे काढा आणि भिंत धुता येईल अशी करा, एवढंच लिहिलं होतं.

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चं कलम 32 प्रत्येक मसालेवालीला, पापडवाल्याला तोंडपाठ हवं. सुधारणा नोटिशीत काय चुकलं आणि काय करायचं हे लिहावंच लागतं. त्यासाठी किमान 14 दिवस द्यावे लागतात. आणि सांगितलेल्या उपायाच्या तोडीचा दुसरा उपायही चालतो! मुदतीत काम झालं नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो. तरीही झालं नाही, तर 'कारणे दाखवा' म्हणून बाजू मांडायची संधी दिल्यावरच तो रद्द करता येतो. लोकांच्या आरोग्याला धोका असेल तर तडकाफडकी निलंबन होऊ शकतं, ते योग्यच आहे. पण तिथेही कारणं लेखी नोंदवावी लागतात.

सुनावणीला फार मोल आहे. 2015 च्या जूनमध्ये मॅगीवर देशभर बंदी आली. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, त्याचं एक मोठं कारण हेच की कंपनीला बाजू मांडायची रीतसर संधी दिली नव्हती. नमुने पुन्हा तपासायला तीन प्रयोगशाळांकडे पाठवले गेले. कंपनीकडे नामांकित वकील होते. ताईंकडे कोण आहे? हक्क मात्र दोघांचा एकच.

ताई सुनावणीला गेल्या त्या खरवडून रंगवलेल्या भिंतीचे फोटो, रंगाची पावती आणि एका पानाचा मराठी खुलासा घेऊन. हात थरथरत होते. वरच्या साहेबांनी फोटो नीट पाहिले, पावती फाईलला लावली, दोन प्रश्न विचारले. पाऊण तासाची वाट आणि दहा मिनिटांचं काम. परवाना राहिला, बांगड्याही राहिल्या.

पण डब्याखाली अशा किती नोटिसा पडून असतील? अपिलाची मुदत फार तर 15 दिवस, तीही घडी उलगडण्याआधीच सरते. म्हणून माझी मागणी साधी आहे. नोटीस मराठीत द्या. सुनावणीची तारीख, सोबत आणायचे कागद आणि अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करायची शेवटची तारीख पहिल्याच पानावर ठळक छापा. आणि तपासणीला आलेल्या साहेबांना जे काही सांगायचं असेल, ते त्यांनी त्याच कागदावर लिहून खाली सही करावी.