दोन प्रसाद

तुळजापुरात भवानीचे दर्शन घेऊन पायऱ्या चढून वर येणाऱ्या यात्रेकरूस प्रसादाचा जो अर्थ ठाऊक असतो, त्याहून निराळा अर्थ आपल्या खाकी खात्याच्या बोलीत रूढ आहे. तेथे संशयितास प्रसाद देतात, त्याचा पाहुणचार करतात, आणि तळपायांवर उतरणाऱ्या चामडी पट्ट्यास, जोतीरावांची क्षमा न मागता, ‘सत्यशोधक’ म्हणतात. (देवीचा पोतराज निदान आसूड स्वतःच्याच अंगावर ओढतो.) पोलिसांपुढील कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५व्या कलमाने अग्राह्य ठरवला, तरी पट्ट्याची चाकरी शाबूत राहिली. १९९७ साली छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारत सरकारने दस्तखत केले. मंजुरी मात्र अद्याप दफ्तरातच आहे, बहुधा तिचा जबाब नोंदवणे चालू असावे.