शंभरी भरली

२०२५च्या दहावीत राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले. त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली. सहापैकी नडणारा विषय ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने गाळायचा, चित्रकलेच्या इंटरमिजिएटचे किंवा खेळाचे वाढीव गुण वरून ओतायचे, की शंभरी भरते. (शिशुपालाचीही भरली होती, पण त्याला मंडळाने सत्काराला बोलावलं नाही.)

हाल चौऱ्याण्णववालीचे. पाचशेतल्या एका मार्काने कॉलेज हुकतं. मग आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा, दोन्हींचं शुल्क वेगवेगळं. तोवर शेजारच्या काकू पेढा खाऊन विचारतात, “कुठे गेले गं सहा?” तरी ती हसते. एवढा अभिनय, पण वाढीव गुणांना प्रमाणपत्र लागतं.