पुढचा खडा

मुतखड्यावर औषध सांगणारा माणूस महाराष्ट्रात शोधावा लागत नाही. तो रिक्षात भेटतो, सोसायटीच्या सभेत भेटतो, मयताला गेलं तरी भेटतो. कुणी म्हणतो, पानफुटीची पानं अनशापोटी चावा. कुणी हुलग्याचं कढण प्यायला सांगतो. बिअर प्या म्हणणारा तर सोबतीलाही लगेच तयार असतो. प्रत्येकाच्या मेव्हण्याचा खडा आठ दिवसांत पडलेला असतो. पण या मंडळींचा सगळा रस खडा पाडण्यात. पुढचा होऊ नये म्हणून काय करायचं, याबद्दल एकाचाही मेव्हणा तोंड उघडत नाही.

आणि पुढचा होतो. एकदा खडा झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पाच-दहा वर्षांत दुसरा होतो. त्या निम्म्यांत मी निष्ठेने आहे.

दुसऱ्या खड्यानंतर डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली. लॅबमधल्या मुलीनं एक पांढरट कॅन माझ्या हातात दिला आणि बजावलं, "सकाळची पहिली सोडून द्यायची. मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली, सगळी यात. थेंबभरही बाहेर नको हं, काका." कॅन घेऊन ऑफिसला जाणं शक्य नव्हतं, म्हणून रविवार धरला. नेमके त्याच रविवारी नानामामा वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला आले आणि हात धुवायला बाथरूममध्ये गेले.

"फिनेल कॅननं आणता वाटतं?" मामांनी आतूनच विचारलं. "आणि पिवळं कसं? गोमूत्राचं का?"

"जवळपास," बायको म्हणाली.

रिपोर्टात लघवी निघाली जेमतेम सव्वा लिटर. "अडीच लिटर पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "मी अडीच लिटर पितो की!" मी म्हणालो. "प्यायलेलं विचारत नाही. झालेली सांगा." हा हिशेब उन्हाळ्यात फार कडवा असतो. मे महिन्यात प्यायलेल्या पाण्यातला मोठा वाटा घामच परस्पर उचलतो. रात्री लघवी दाट होते आणि खड्याला तेच हवं असतं. म्हणून झोपतानाही पाणी प्यायचं, आणि मग मध्यरात्री उठायचंही.

खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. बहुतेकांचा तोच असतो. आईनं त्यातला 'कॅल्शियम' एवढाच शब्द उचलला आणि माझं दूध-दही बंद केलं. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू करायला लावलं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोघंही शौचावाटे बाहेर पडतात. धरणारं कुणी नसलं की ऑक्झलेट मोकाट सुटतं आणि थेट मूत्रपिंडात जातं. इटलीतल्या डॉक्टरांनी खडेवाल्या १२० पुरुषांना पाच वर्षं दोन तऱ्हांनी जेवायला लावून हे पाहिलं. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम घेऊन मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० जणांत तो १२ जणांनाच झाला. आईला मी हे सांगितलं. "इटलीत म्हशीचं दूध असतं का?" तिनं विचारलं. असतं, पण तो विषय मी वाढवला नाही.

खरा गुन्हेगार मीठ. लघवीतून बाहेर पडताना ते कॅल्शियमलाही सोबत ओढून नेतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. तेही आमटी-भाजीतलं धरून. त्यामुळे माझ्या ताटाची डावी बाजूच उजाड झाली. मीठ गेलं, लोणचं गेलं, शेंगदाण्याची चटणी गेली, सांडगी मिरची गेली. उरली लिंबाची फोड. तिला मात्र बढती मिळाली, कारण लिंबातलं सायट्रेट खडा बांधू देत नाही. सरबत करायचं ते साखर-मीठ न घालता. म्हणजे ज्याला आपण सरबत म्हणतच नाही, ते.

अळूचं दुःख वेगळं. घशाला खाजवतात ते अळूतले सुईसारखे स्फटिक कॅल्शियम ऑक्झलेटचेच. म्हणजे पंगतीत फतफतं वाढून घेताना मी खड्याचा कच्चा माल द्रोणात मागत होतो. पालकातही ऑक्झलेट भरपूर. खायचाच तर बेतानं आणि दह्याताकाबरोबर. ताकातला पालक करणाऱ्या आजीला हे रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. टोमॅटोवर मात्र नुसत्या बियांमुळे आळ आला. त्यात ऑक्झलेट फारसं नसतंच.

औषध म्हणजे पोटॅशियम सायट्रेटचं सिरप, ग्लासभर पाण्यात घालून. चव संत्र्याच्या गोळीवर समुद्र ओतल्यासारखी. युरिक ॲसिडचे खडे या औषधानं लघवीचा आम्लपणा घटवला की विरघळूनही जातात. माझा त्या नशीबवान जातीचा नव्हता. बीपीची एक गोळी लघवीतलं कॅल्शियम कमी करते म्हणून वर्षानुवर्षं देत आले. पण २०२३ साली स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत ती घेणाऱ्यांना आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांना खडे जवळपास सारखेच झाले. त्यामुळे माझ्या डॉक्टरांनी तिच्यापेक्षा पाण्याचाच आग्रह धरला. पाण्याला मेडिकलवाला बिल देत नाही, म्हणून घरात त्याला औषधाचा मान नाही.

या सगळ्या तपश्चर्येत एक मोठी खोट आहे. पडलेला खडा डबीत ठेवता येतो, आल्यागेल्याला दाखवता येतो, दिवाळीच्या फराळाला त्याच्यावर तासभर बोलता येतं. न झालेला खडा कुणाला दाखवणार? परवा सोनोग्राफी केली. दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ निघाली. मी मोठ्या ऐटीत रिपोर्ट आईपुढे धरला. तिनं चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"काहीच निघालं नाही?" ती म्हणाली. "मग एवढं पाणी उगाच प्यायलास!"