रंगांचे मुखत्यार

ज्या गावास तालुक्याचा दर्जा प्राप्त होतो त्या गावास तहसील कचेरी, पोलीस ठाणे, बाजार समिती आणि तत्संबंधी अर्ज लिहून देणारे दोन-चार लेखनिक ही सर्व आयुधे शासनकृपेने मिळतात. परंतु गावात काही पदे अशीही असतात की ज्यांची जाहिरात निघत नाही, ज्यांना वेतनश्रेणी नाही, ज्यांच्या नेमणुकीचा हुकूम कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही, आणि तरीही जी एक दिवस रिक्त राहिली असे कधी घडत नाही. विहिरीला पाणी कोठे लागेल ते सांगणारा, पंगतीला तांदूळ किती लागतील याचा अदमास देणारा, न्यायाधीशाच्या आधी खटल्याचा निकाल जाहीर करणारा आणि घराला रंग देऊन झाल्यावर तो कोठे चुकला हे समजावून सांगणारा, असे हे अष्टप्रधानांतले चौघे. यांपैकी शेवटचे पद यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबास निवृत्त ड्रॉइंगमास्तरांकडे आहे. हे मास्तर राळेगावातही असतात, बाभूळगावातही असतात. नागपुरास त्यांना इंटिरियर डेकोरेटर म्हणतात आणि ते शुल्क घेतात. कळंबात ते चहा घेतात, एवढाच भेद.

मास्तरांनी तीस-पस्तीस वर्षे मुलांकडून मडके, केळे आणि उघडी छत्री काढून घेतली, शेकडो विद्यार्थी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांना बसविले, आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्याची स्वतःची मनीषा पहिल्याच पगाराच्या दिवशी बासनात बांधून ठेवली. सेवानिवृत्तीनंतर मडकी आणि केळी संपली. मग त्यांची दृष्टी लोकांच्या भिंतींकडे वळली. कोणाच्या अंगणात बांबूची परांची उभी राहिली की तिसऱ्या दिवशी मास्तर तेथे हजर असावयाचेच. पहिल्या दिवशी ते येत नाहीत. चूक होऊन गेल्याखेरीज सल्ल्यास किंमत येत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलेले आहे.

आल्यावर ते प्रथम बोलत नाहीत. पायताण काढून, एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीवर अंगठा सरकवीत ते भिंतीचे माप घेतात. आणि मग, यजमानाचे लक्ष चहाच्या तजविजीत गुंतले असता, दाराच्या मागे जाऊन अंगठ्याच्या नखाने रंगाचा एक पोपडा हळूच उचकटतात. तलाठी फेरफाराची नोंदवही वाचतो त्या निर्विकारपणे ते भिंतीचे थर वाचू लागतात. वर नवा रंग. त्याखाली गुलाबी डिस्टेंपर, म्हणजे थोरल्या मुलीचे लग्न. त्याखाली कमरेइतक्या उंचीपर्यंत हिरवा ऑइलपेंट, म्हणजे घरात रांगते मूल होते आणि भिंत पुसता येणे आवश्यक होते. आणि सर्वांत तळाशी नीळ घातलेला चुना व पायथ्याशी कावेचा तांबडा पट्टा, म्हणजे आजोबांचा काळ, जेव्हा रंग निवडणे हा प्रश्नच नव्हता, कारण पोळ्या-दसऱ्याच्या आत कुंचा फिरला की घर रंगले असे समजले जाई. रंगाच्या डब्यावरचा तो खट्याळ मुलगा, आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली रेखाटलेला गट्टू, तालुक्यांच्या बाजारपेठांत ओळखीचा झाला आणि तेव्हापासून कुटुंबांत मतभेद सुरू झाले, असे मास्तरांचे इतिहासविषयक मत आहे. एवढे सगळे ते वाचतात, पोपडा खिशात घालतात, आणि जेथून तो काढला तेथे कॅलेंडर टांगावे अशी सूचना करतात.

अलीकडे या भिंतींवर सर्वांत वरचा थर राखाडी येऊ लागला आहे. हा रंग कळंबात कोणी मागितला नव्हता. तो हिंजवडीहून आला. गावातील कास्तकाराचा मुलगा पुण्यास संगणकाच्या नोकरीस लागतो, विसाव्या मजल्यावर सदनिका घेतो, तिच्या राखाडी भिंती पाहून त्याला गावच्या पोपटी भिंतींची लाज वाटू लागते, आणि दिवाळीपूर्वी तो वडिलांना पैसे पाठवितो व पेंटरच्या मोबाइलवर रंगाचा नंबर पाठवितो. वडील पैसे पाहतात; नंबर कोणी पाहत नाही. दोन हात मारून झाल्यावर घरातील आजीबाई काठी टेकीत बाहेर येतात, भिंतीकडे वर-खाली पाहतात आणि एका वाक्यात संपूर्ण आधुनिक गृहसजावटीचा निकाल लावतात :

"भितीले सिमेंट तं पयलेच लावलं होतं नं बाप्पा, मंग सिमेंटावर पुन्हा सिमेंटाचाच रंग काहून देल्ला?"

याला पेंटरपाशी उत्तर नसते, मुलगा फोन उचलीत नाही, आणि मास्तरांना बोलावणे जाते. किंबहुना बोलावणे निघण्यापूर्वीच ते वाटेला लागलेले असतात.

अशा एका दिवाणखान्यातील त्यांची कामगिरी मला समक्ष पाहावयास मिळाली. खोली पश्चिमाभिमुख, भिंती राखाडी, खुर्च्या प्लॅस्टिकच्या निळ्या, वर पांढरीफटक ट्यूबलाइट. मास्तरांनी मापे घेतली, पोपडा काढला, आणि खुर्चीत बसून भरतमुनींपासून प्रारंभ केला. नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला वर्ण दिला आहे : शृंगार श्याम, हास्य शुभ्र, रौद्र तांबडा, अद्भुत पिवळा, आणि करुणरसाचा वर्ण कपोत, म्हणजे कबुतराचा. "तुम्ही," मास्तर घरधन्यास म्हणाले, "पाहुण्यांच्या खोलीला चारी बाजूंनी करुणरस लावला आहे. येथे बसून सोयरीक जुळावयाची नाही." घरधन्यांची धाकटी मुलगी लग्नाची होती. त्यांनी चहात साखर जास्त घालण्याची आज्ञा केली आणि उपाय विचारला.

उपाय एका शब्दाचा होता : ऊब. या भिंतींना ऊबदार रंगांची जोड हवी. हा शब्द उच्चारला गेला तेव्हा कूलर चालू होता. वैशाखात पारा चव्वेचाळिसाच्या पुढे जाऊन कावळेही चोच उघडी टाकून बसतात अशा मुलुखात, कोणी सुबुद्ध मनुष्य आपल्या घरात आणखी ऊब आणण्याची शिफारस करील, ही कल्पना आजीबाईंच्या गळी उतरण्यासारखी नव्हती.

"ऊब कायले पाह्यजे? घर का कमी तपते?"

मास्तर विचलित झाले नाहीत. ही ऊब त्वचेची नसून नेत्रांची आहे; जर्मन कवी गटे याने 1810 साली वर्णविचारावर ग्रंथ लिहून पिवळा-तांबडा हा रंगांचा एक पक्ष आणि निळा हा दुसरा पक्ष अशी वाटणी केली, वगैरे त्यांनी सांगितले. पक्ष या शब्दाबरोबर घरधन्यांचे लक्ष एकदम वेधले गेले, पण ते राजकारण नसल्याचे कळताच पुन्हा ढळले. मग मास्तरांनी आपले ठेवणीतले शस्त्र काढले. यवतमाळ जिल्ह्यात शास्त्र पटवावयाचे असेल तर ते पैसेवारीत सांगावे लागते. कारण पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की दुष्काळसदृश स्थिती, हे येथील शेंबड्या पोरासही पाठ असते. "खोलीचा रुपया धरा," ते म्हणाले. "साठ पैसे भिंतीचा राखाडी. तीस पैसे लाकूड, सतरंजी, पडदे. उरले दहा. ऊब फक्त दहा पैशांची. अकरावा पैसा खर्च केलात की रौद्ररस सुरू." हे घरधन्यांना तत्काळ समजले. कमी खर्चाचा सल्ला समजण्यास मनुष्यास कधीही अडचण पडत नाही.

येथे मास्तरांना न्याय दिला पाहिजे. त्यांचे गणित पुस्तकी असले तरी त्याचा दाखला गावाच्या वेशीबाहेर उभा असतो. फाल्गुनात यवतमाळच्या रस्त्याने जाणाऱ्याने खिडकीतून पाहावे : सागाची पाने झडून गेलेली, बुंधे करडे, जमीन करडी, आणि त्या अफाट करडेपणात मधूनच एखादा पळस, अंगावर एक पान नाही, नखशिखान्त केशरी. त्याच केशरी फुलांनी अख्खे रान भरले असते तर त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नसते. मास्तर प्रतिवर्षी इयत्ता आठवीस रंगसंगती शिकविण्यासाठी वर्ग तेथवर पायी नेत असत. मुले फुले गोळा करून, ती उकळून, धुळवडीचा रंग करीत आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांच्याच सदऱ्यावर टाकीत. तो पिवळा डाग त्यांनी कित्येक धुण्यांपर्यंत अभिमानाने वागविल्याचे त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात.

मग खरेदीची यादी झाली. मोहरीच्या रंगाचे अभ्रे, वीटकरी सतरंजी, दोन केशरी पडदे. माळ्यावर उलटा पडलेला पितळेचा गुंड चिंचेने घासून कोपऱ्यात. धान्याची सागवानी पेटी भिंतीशी. ट्यूबलाइट काढून पिवळसर दिवा, सत्तावीसशे केल्विनचा. साडेसहा हजारांचा पांढरा नव्हे, कारण त्या उजेडात मोहरी रंग आजारी दिसतो. आकडा जितका मोठा तितकी ऊब कमी, हा उलटा व्यवहार दुकानदारासही समजावून सांगावा लागला. येथपर्यंत सर्व यथास्थित. खटका उडाला तो दिवाणखान्यात आधीपासून कब्जेवहिवाटीने राहत असलेल्या वस्तूंवरून. सेवा सहकारी सोसायटीचे घड्याळ, आहेरात आलेली राधाकृष्णाची चकाकती तसबीर, कबड्डीचे करंडक, खतवाल्याचे कॅलेंडर आणि श्रीचिंतामणीचा मोठा फोटो : यांपैकी चिंतामणीखेरीज सर्वांस मास्तरांनी बेदखलीची नोटीस बजावली. चिंतामणीस त्यांनी शेंदरी रंगापोटी कायम केले; त्यातही श्रद्धेपेक्षा रंगसंगतीचा भाग अधिक होता. घरच्यांनी एकही वस्तू हलविली नाही. आणि शेवटी, आजीबाईंचे मोतिया लुगडे पाहून, संध्याकाळी पाहुणे येतील तेव्हा त्यांनी कुंकवी नेसून खिडकीपाशी बसावे म्हणजे दहा पैसे पुरे होतील, असे मास्तरांनी सुचविले तेव्हा म्हातारीने काठी आपटली.

"म्या का अभ्रा हाय का जी?"

अशा मनुष्यांचा दोष येथेच आहे. त्यांना खोली दिसते; खोलीत राहणारे दिसत नाहीत. मास्तरांचे स्वतःचे घर कसे आहे, असा प्रश्न गावात नवखा मनुष्य हमखास विचारतो. ते भाड्याचे आहे, आणि भिंतींचा रंग ठरविण्याचा हक्क घरमालकाने करारनाम्याच्या सातव्या कलमान्वये स्वतःकडे राखून ठेवलेला आहे.

पण विद्या विद्याच असते. पडदे लागले त्या संध्याकाळी घरधन्यांनी पेंटरला पकडून आणले. दोन केशरी पडद्यांच्या मधला भिंतीचा पट्टा निळसर दिसत होता. पेंटरने राखाडीत निळा ढकलून डबा वाचविला असा आरोप होता. पेंटर शपथा घेत होता, "आईशप्पत, निळ्याचा थेंबही नाही टाकला जी." पंचनाम्याची भाषा सुरू झाली. मास्तरांनी उरलेला डबा मागविला, पत्रिकेच्या कोऱ्या बाजूचे दोन तुकडे त्याच रंगाने रंगविले, वाळविले, एक केशरी पडद्यावर टाचणीने लावला, दुसरा निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवला, आणि सर्वांस लांब उभे केले. पडद्यावरचा तुकडा निळसर दिसे, खुर्चीवरचा मातकट. मग त्यांनी दोन्ही तुकडे काढून तळहातावर एकमेकांस चिकटवून धरले. एकच रंग. पेंटर एवढा गहिवरला की त्याने मास्तरांचे पाय धरले.

या प्रयोगामागचा नियम जुना आहे. शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनज्ञ पॅरिसच्या गोबेलँ या गालिच्यांच्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. विणकरांची तक्रार येई की काळा रंग फिका पडतो. त्याने रंग तपासला, तो निर्दोष निघाला. दोष त्याच्या शेजारी विणलेल्या धाग्यांचा होता. 1839 साली त्याने यावर ग्रंथ लिहिला, आणि प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची छटा टाकतो हा नियम जगास मिळाला. मास्तरांनी तो ग्रंथ पाहिलेला नाही, फक्त त्यावरील मजकुराची एक झेरॉक्स प्रत त्यांच्या पेटीत आहे. पण शेजाऱ्यांमुळे मनुष्याचा रंग बदलतो एवढे सांगितल्यावर कळंबात त्याला फ्रेंच पुरावा कोणी मागितला नाही. केशरी पडदे उतरून वीटकरी आले, निळ्या खुर्च्या ओसरीवर गेल्या, आणि खोली, प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, फारच चांगली दिसू लागली. मुलाने व्हिडिओवर पाहून "वॉव" म्हटले. मास्तरांनी तो शब्द आपल्या कामगिरीची सनद म्हणून स्वीकारला.

हे सर्व दसऱ्याच्या सुमारास. त्यानंतर सीतादही होऊन कापूस वेचणीस आला. भाव पडेल निघाला, आणि भाव पडला की विदर्भातला कास्तकार कापूस जेथे ठेवतो तेथेच तो ठेवला गेला : घरातल्या सर्वांत मोठ्या, कोरड्या आणि पक्क्या खोलीत. सागवानी पेटी दिसेनाशी झाली, सतरंजी गुंडाळली गेली, पितळेचा गुंड ढिगाखाली गडप झाला, मोहरीचे अभ्रे घातलेल्या उश्या वर छताजवळ पोरांनी लोळावयास नेल्या. मास्तर आले, दारातच उभे राहिले, एक डोळा मिटून पेन्सिल धरली आणि म्हणाले, "पांढरा ऐंशी पैशांच्या वर गेला."

"भाव वाढू द्या मास्तर, मंग पाहू," घरधनी म्हणाले.

धाकटीला पाहावयास येणारे पाहुणे तूर्त ओसरीवर निळ्या खुर्च्यांत बसविले जातात. कापूस अद्याप विकलेला नाही.