बिनटपाची जीप

भांडुपमध्ये बिनटपाची जीप बाळगायला लायसन्सपेक्षा स्वभाव लागतो. बंद गाडीतला माणूस काच वर करून जगाशी बोलणं बंद करू शकतो. आमच्या जीपला वर करायला काच नाही आणि ओढून घ्यायला दार नाही. त्यामुळे स्टेशनपासून टेंभीपाड्यापर्यंत जाताना येणारे-जाणारे चालत्या गाडीत सल्ले टाकून जातात. गाडी बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा हळू चाललेली असते, म्हणून त्यांना घाईही नसते. शेजारी येऊन थांबलेला रिक्षावाला नाक उडवून सांगतो, "शेठ, क्लच जळतोय." भाजीवाल्या मावशी मेथीची जुडी मागच्या सीटवर ठेवतात आणि म्हणतात, "पुढे बँकेपाशी सून उभी आहे, तिला दे रे." विचारणं वगैरे नाही. टप नाही म्हणजे परवानगी आहे, असं भांडुप धरून चालतं.

जीप पहिल्यांदा दारात आली तेव्हा आमच्या खालचे मालवणी आजोबा काठी टेकत तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "टप खंय गेलो रे? टप नाय म्हणान स्वस्तात दिल्यानी काय?"

गाडी आहे महिंद्राची एमएम ५४०, चौघा मित्रांनी भागीदारीत घेतलेली. कागदावर नाव माझं, कारण बाकी तिघांच्या घरून सहीला मनाई होती. जीप आणि भागीदारी यांचं नातं तसं जुनंच. १९४५ साली महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. मग फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. अमेरिकन विलीज जीपचे सुटे भाग मागवून मुंबईत जोडायला लागली ती हीच कंपनी. आमचाही एक भागीदार फुटून घोडबंदर रोडला राहायला गेला. तो अर्थमंत्री काही झाला नाही, उलट इन्शुरन्सचा त्याचा वाटा अजून येणं आहे. गणपतीत मात्र तो हटकून येतो, स्टिअरिंगवर हक्क सांगतो आणि डिझेलचा विषय निघाला की "ट्रॅफिक लागेल" म्हणत उठतो.

बायकोला मी 'आराधना'ची आठवण करून दिली होती. १९६९ चा सिनेमा, दार्जिलिंगची छोटी रेल्वे, शेजारच्या रस्त्याने उघडी जीप आणि त्यात राजेश खन्ना. ही शांतपणे म्हणाली, "त्या गाण्यातले शर्मिलाचे शॉट्स मुंबईत स्टुडिओत घेतलेत. शहाणी होती." तरीसुद्धा एका रविवारी ती आली. आम्ही पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडून भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला लागलो. तिथे खारफुटी आहे, खाडी आहे, थंडीत फ्लेमिंगो येतात. पुढची काच बोनेटवर आडवी टाकली आणि वारा थेट तोंडावर घेतला. वाऱ्याबरोबर कांजूरच्या डम्पिंगचा वासही थेट आला. एसी गाडीवाल्यांना हे डम्पिंग फक्त बातम्यांत भेटतं. हिने पदर नाकाला लावला तो घरी येईपर्यंत काढला नाही, आणि आल्यावर केसांतून कंगवा फिरवताना जे बोलली त्यात फ्लेमिंगोंचाही उल्लेख होता.

खरी मजा असते ती रविवारी सकाळी जीप धुवायला काढली की. बादली भरायच्या आत मंडळ जमतं. जीपला काय लावायचं, यावर प्रत्येकाचं मत ठाम असतं आणि खिसा रिकामा असतो. एकाला बाजूला फावडं आणि मागे जेरीकॅन हवा, कारण युद्धातल्या जीपला असतो. भांडुपमध्ये फावड्याचं काय करणार, असं विचारलं तर तो एलबीएस रोडवरचे खड्डे दाखवतो. दुसऱ्याला फॉग लॅम्प हवेत. भांडुपात धुकं नाही हे त्याला मान्य आहे, पण "धूळ आहे ना?" तिसरा एकदा कुर्ल्याला सीएसटी रोडवर साधा आरसा आणायला गेला आणि जहाजावर शोभेल असा भोंगा घेऊन आला. आरसा अजून यायचाय.

या सगळ्यांत अधिकाराने बोलणारे एकच, दुसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांनी उभी हयात इथल्या सिएटच्या कारखान्यात टायर बनवण्यात काढली. सिएट मूळची इटलीतल्या तुरिनची, आपल्याकडे आली १९५८ साली, हे ते घरच्या कार्यासारखं सांगतात. आम्ही 'नव्यासारखे' म्हणून आणलेले जुने टायर बघायला ते लुंगी सावरत उकिडवे बसले. आधी अंगठ्याचं नख नक्षीच्या खाचेत घालून खोली बघितली. मग ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसत पुसत एका लंबगोलापाशी थांबले आणि चष्मा कपाळावर चढवला. तिथे चार आकडे होते : ३२१४. "बत्तिसावा आठवडा, सन चौदा," काका म्हणाले. "याचं रबर आता बिस्किट झालंय. नव्यासारखा कोण म्हणाला? त्याला याच्यावर बसवून घाटातून खाली सोडा." तेव्हापासून भांडुपातले लोक सेकंडहँड गाडी घेण्याआधी मुलीचं स्थळ दाखवावं तशी ती काकांना दाखवून जातात.

सजावटीत सरकारचाही शब्द असतो. फॉग लॅम्पवाल्याने मध्यंतरी हौसेने पुढे भलामोठा लोखंडी बुलबार बसवला. एका हवालदाराने गाडी बाजूला घेतली. सवयीने काचेवर टकटक करायला हात पुढे केला आणि तो थेट माझ्या खांद्यावर पडला. क्षणभर दोघांनाही संकोच वाटला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली, त्या बाबतीत आम्ही निर्दोष होतो. पण बुलबारवर कारवाई करा, असं केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कळवलं होतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालायचा नाही. पावती झाली, बुलबार उतरला. दोन माणसांनी तो वर आणला तेव्हा ही म्हणाली, "अहो, आणलाच आहे तर गॅलरीत लावा." आता त्यावर सहा टॉवेल एका वेळी वाळतात. जीपवर केलेल्या खर्चापैकी घरात कौतुक झालेला तो एकमेव खर्च.

टप अजिबात नाही असं नाही. कॅनव्हासचा आहे, मागच्या सीटखाली घडी करून ठेवलेला. गेल्या जूनमध्ये एलबीएस रोडवर, मेट्रोच्या पत्र्यांमुळे उरलेल्या एका लेनमध्ये आम्ही अडकलो असताना पहिली सर आली. आधी कमानी खोचायच्या, मग कॅनव्हास पसरायचा, पट्टे आवळायचे आणि शेवटी टिचबटणं लावायची, असा क्रम आहे. तो चौघांनी चार वेगवेगळ्या टोकांपासून सुरू केला. शेजारी बेस्टची बस. खिडकीतली माणसं आम्हाला वरून बघत होती. "मागून ओढा, मागून!" एकजण ओरडला. "आधी पुढचं लावा हो, तिथून पाणी येतंय," दुसऱ्या खिडकीतून एक बाई. कंडक्टरने तिकिटं थांबवून दारातून सूचना दिल्या. सुती कॅनव्हास भिजला की आक्रसतो. शेवटच्या टिचबटणाची दोन तोंडं चार बोटांवर येऊन अडली आणि ओढलं की पलीकडचं सुटायला लागलं. तेवढ्यात सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजायला लागले, पण बस हलेना, कारण ड्रायव्हरलाही शेवट बघायचा होता. शेवटी रेनकोटातला एक पोस्टमन जीपच्या पायरीवर चढला आणि त्याने गुडघा लावून बटण बसवलं. बसमध्ये टाळ्या झाल्या. पाऊस थांबला होता.

आता समोरच्या टॉवरमध्ये नव्या थार दिसतात. २०२० च्या पंधरा ऑगस्टला ती गाडी नव्या रूपात आली. तिलाही उघडा टप मिळत होता, पण टॉवरवाल्यांनी बहुतेक हार्ड टॉपच घेतलाय. त्यांच्यातला एक मुलगा रविवारी आमच्यात येऊन बसतो. त्याच्या गाडीत सगळं आहे, फक्त आत कोणी मेथी ठेवत नाही, याचं त्याला वाईट वाटतं.

त्यानेच मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक आणलं. नाशिकचा माणूस, रोख पैसे, भावात घासाघीस नाही. मी घरातून चप्पल घालून खाली उतरेपर्यंत तो जीपपाशी पोचला होता. तिथे गणपती मंडळाचा सेक्रेटरी त्याला सांगत होता की विसर्जनापर्यंत गाडी निघणार नाही. आजोबांची नात म्हणाली की विसर्जनानंतरही नाही, डिसेंबरात ताईची वरात आहे. मावशींनी मेथीचं काय ते विचारलं. काका उकिडवे बसून गिऱ्हाइकाच्याच गाडीचे टायर पुसत होते. बिचाऱ्याने वैतागून चहावाल्याला विचारलं, "अहो, पण या गाडीचा मालक कोण?"

चहावाल्याने किटली खाली ठेवली. "बसा," तो म्हणाला, "सगळ्यांना बोलावतो."